एमएस्सी मेडिकल करायचंय? ॲडमिशनचे पैसे भरायच्या आधी हे वाचून घ्या

दरवर्षी बीएस्सीचे निकाल लागले की मला ओळखी-पाळखीतून फोन सुरू होतात, "ताई, एमएस्सी मेडिकलला ॲडमिशन मिळतंय, घेऊ का?" बहुतेक जणांची गोष्ट सारखीच असते, बारावीला नीटला मार्क कमी पडले, मग झूलॉजी नाहीतर बायोटेक नाहीतर मायक्रोला बीएस्सी केली, पण मेडिकल काही डोक्यातून गेलं नाही आणि आता कोणीतरी सांगितलं की मेडिकल कॉलेजातच शिकवतात असा एक कोर्स आहे. मीही याच वाटेने आले. मेडिकल बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केली, मग पीएचडी, आता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते आणि मुलांना शिकवतेही. फोनवर प्रत्येकाला जे सांगते तेच इथे नीट लिहून ठेवतेय.

पहिली गोष्ट घरच्यांसोबत बसून स्पष्ट करून घ्या, हा कोर्स करून तुम्ही डॉक्टर होत नाही. पेशंट तपासता येत नाही, औषध लिहून देता येत नाही, मेडिकल कौन्सिलला रजिस्ट्रेशन होत नाही. नावापुढे डॉक्टर लागतं ते पीएचडी झाल्यावर. हे एवढ्यासाठी सांगते की माझ्या बॅचला दोन जण असे होते ज्यांच्या घरी दोन वर्षं वाटत होतं मुलगा एमबीबीएससारखंच काहीतरी करतोय, आणि खरं कळलं तेव्हा त्या पोरांना खूप त्रास झाला. तुम्हाला आजाराच्या मागचं शास्त्र आवडतं का, साखर का वाढते, जंतूवर औषध का चालेनासं होतं, किडनी बंद पडली की रक्तात काय काय बदलतं, यात रमता का? रमत असाल तर कोर्स तुमचाच आहे. एमबीबीएस हुकलं म्हणून त्याची जागा भरायला येत असाल तर तीन वर्षं फार जड जातील.

कोर्स असा आहे. ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री, फार्माकॉलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी हे मुख्य पाच विषय. बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांचा, त्यात पहिलं वर्ष सगळ्यांना कॉमन, म्हणजे तुमचा विषय कुठलाही असो, डिसेक्शन हॉलमध्ये उभं राहावं लागतं, फिजिओलॉजीची प्रॅक्टिकलं करावी लागतात, आणि पुढची दोन वर्षं स्वतःचा विषय आणि थिसिस. दिल्लीच्या एम्ससारख्या ठिकाणी दोन वर्षांत होतं, पण तिथे एन्ट्रन्स आहे आणि जागा मोजक्या. महाराष्ट्रात कराड, लोणी, सावंगी, कामोठे, पुणे, कोल्हापूर इथल्या अभिमत विद्यापीठांच्या मेडिकल कॉलेजांत हे कोर्स चालत आलेत, कुठल्या वर्षी कुठला विषय चालू आहे ते मात्र दर वेळी त्यांच्या प्रॉस्पेक्टसमध्ये बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डिग्रीवर काय छापून येणार ते ॲडमिशनच्या आधी वाचा. एमएस्सी बायोकेमिस्ट्री वेगळी आणि एमएस्सी मेडिकल बायोकेमिस्ट्री वेगळी. पहिली सायन्स फॅकल्टीची, साध्या सायन्स कॉलेजात होते, दुसरी मेडिकल कॉलेजात, मेडिसिन फॅकल्टीखाली. शिकायला दोन्ही चांगल्या आहेत, पण उद्या मेडिकल कॉलेजात शिकवायला अर्ज केलात की तिथे दुसरीच चालते आणि पहिलीवाल्याचा अर्ज छाननीतच बाहेर पडतो, मग तुम्हाला विषय कितीही येत असू दे. माझ्या ओळखीतली एक मुलगी, अतिशय हुशार, तिने फी कमी म्हणून साध्या सायन्स कॉलेजात ॲडमिशन घेतलं आणि कॉलेजवाल्यांनी तोंडी सांगितलं होतं की सगळं सेमच आहे. पाच वर्षांनी इंटरव्ह्यूला गेली तेव्हा कागद तपासणाऱ्या क्लार्कने तिला सांगितलं की ही डिग्री इथे चालत नाही. म्हणून तोंडी उत्तर घ्यायचंच नाही, मागच्या बॅचच्या एखाद्याची डिग्री किंवा मार्कशीट स्वतःच्या डोळ्याने बघायची, सिनिअर लोक दाखवतात, मागायला लाजू नका.

कॉलेज बघायला जाल तेव्हा बिल्डिंग, हॉस्टेल, गेट हे सगळं बघालच, पण मी सांगते ते चार प्रश्न पण विचारा. हॉस्पिटलच्या सेंट्रल लॅबमध्ये एमएस्सीच्या मुलांची पोस्टिंग लागते का आणि किती महिने. मागच्या तीन वर्षांत पास झालेले आज कुठे आहेत, नावानिशी. त्याच डिपार्टमेंटला पीएचडीचा गाइड आहे का. आणि थिसिसच्या किटचा खर्च कोण करतं, कारण एलायझाचं, म्हणजे रक्तातले घटक मोजायच्या टेस्टचं, एक किट सुद्धा विद्यार्थ्याच्या खिशाला चांगलंच लागतं आणि हे कोणी आधी सांगत नाही. फी वर्षाची किती, दरवर्षी वाढते का, परीक्षा फी वेगळी का, हे लेखी घ्या. ओरिजिनल कागद कॉलेजला ठेवून देऊ नका, यूजीसीने २०१८ मध्येच सांगितलंय की ओरिजिनल सर्टिफिकेट तपासून परत करायची, तरी अजून ठेवून घेणारे भेटतात.

विषय कुठला घ्यायचा? माझं मत सांगते, इतर कोणी वेगळं सांगेल. ॲनाटॉमी आणि फिजिओलॉजी घेणार असाल तर मुख्य वाट शिकवण्याची, त्यामुळे शिकवायची खरी आवड असेल तरच घ्या. बायोकेमिस्ट्री आणि मायक्रोला हॉस्पिटलची लॅब, रिसर्च आणि शिकवणं असे तिन्ही रस्ते राहतात, मायक्रोवाल्यांना शिवाय हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोलमध्ये काम मिळतं. फार्माकॉलॉजीला औषध कंपन्या, क्लिनिकल ट्रायल, ड्रग सेफ्टी हे सगळं उघडं आहे, मुंबई-पुण्यात राहायचं असेल तर यात संधी भरपूर.

तीन वर्षांत हाताला काय यायला पाहिजे

पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिनने डोळे झोंबतात, पाणी येतं, कुणाला मळमळतं, आठवड्याभरात सवय होते. समोर जो देह आहे तो बऱ्याचदा कुणीतरी स्वतःच्या इच्छेने दिलेला असतो हे विसरू नका आणि तिथे फोन काढू नका. अभ्यास एमबीबीएसच्या मुलांच्या बरोबरीचा असतो, बीएस्सीच्या नोट्सवर भागत नाही. पहिली इंटर्नल बहुतेकांची खराब जाते, माझीही गेली होती, घाबरायचं नाही.

पण खरं शिक्षण लॅबमध्ये होतं. माझ्या दुसऱ्या वर्षातली एक सकाळ सांगते. मशीनवर एका सॅम्पलचं पोटॅशियम आलं १२ च्या वर. नॉर्मल साधारण साडेतीन ते पाच. एवढं पोटॅशियम म्हणजे हृदय बंद पडायला पाहिजे. मी घाबरून धावत सरांकडे गेले, पेशंट गेला असेल म्हटलं. सरांनी फक्त विचारलं, "कॅल्शियम बघितलंस?" बघितलं तर जवळजवळ नाहीच. सर म्हणाले वॉर्डला फोन कर, पेशंट काय करतोय विचार. सिस्टर म्हणाली, "अहो तो नाश्ता करतोय." मग कळलं, रक्त घेताना जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये जास्त पडलं म्हणून त्यातलं थोडं कुणीतरी लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये ओतलं होतं. जांभळ्या ट्यूबमध्ये पोटॅशियमचं ईडीटीए असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं, आणि त्याचं स्वतःचं पोटॅशियम सॅम्पलमध्ये मिसळतं. एका ओतण्यात दोन्ही आकडे खोटे झाले. तो रिपोर्ट तसाच गेला असता आणि कुणी त्यावर ट्रीटमेंट सुरू केली असती तर? त्या दिवसापासून मी कुठलाही आकडा एकटा बघत नाही, शेजारचे आकडे आणि पेशंट दोन्ही बघते.

हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण सकाळी सातला लॅबमध्ये उभं राहिल्याशिवाय अंगात येत नाही. म्हणून माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला, लेक्चर संपलं की लायब्ररीत पळण्याआधी रोज एक तास तरी लॅबमध्ये जा. टेक्निशियन मंडळींशी चांगलं वागा, ते वीस-वीस वर्षं तिथे आहेत, तुम्हाला जे येत नाही ते सगळं त्यांना येतं. रोजचं क्वालिटी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल लावून मशीन तपासणं, ते लावायला शिका, त्या आकड्यांचा लेव्ही-जेनिंग्सचा चार्ट काढा, चार्ट वाचायचे वेस्टगार्डचे नियम पाठ करण्यापेक्षा खरोखर कंट्रोल बाहेर गेला तेव्हा काय केलं ते वहीत लिहा. करड्या झाकणाच्या ट्यूबमध्ये फ्लोराइड का असतं, साखरेचं सॅम्पल तासभर तसंच राहिलं तर काय होतं, रक्त हिमोलाइज झालं, म्हणजे त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या, तर कुठले रिपोर्ट धरायचे नाहीत, इंटरव्ह्यूला हेच विचारतात. मी आता स्वतः इंटरव्ह्यूला बसते तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो आणि अर्धी मुलं अडतात, मार्क ८० टक्के असून.

थिसिसचं एक सांगते. टॉपिक लहान घ्या पण पूर्ण होईल असा घ्या, आणि पहिल्या वर्षाच्या शेवटीच डोक्यात ठेवा, कारण एथिक्स कमिटीची मंजुरी यायला वेळ लागतो आणि मंजुरीआधी एक थेंब रक्त सुद्धा घेता येत नाही. सॅम्पल साइज कशी काढली हे स्टॅटिस्टिक्सवाल्यांकडे बसून आधीच समजून घ्या, शेवटच्या महिन्यात दुसऱ्याकडून आकडेमोड करून आणू नका, व्हायव्हात पकडतात. आणि संमतीपत्र मराठीत लिहावं लागतं, तिथे नीट मेहनत घ्या. मी पहिल्यांदा लिहिलं होतं ते इतकं बोजड होतं की ओपीडीतल्या एका मावशींनी वाचून विचारलं, "बाई, म्हणजे माझं काय काढून घेणार?" मी ते घरी नेऊन परत लिहिलं, की तुमच्या हातातून ५ मिली म्हणजे साधारण एक चमचा रक्त घेऊ, नको वाटलं तर कधीही नाही म्हणा, तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही. त्यानंतर लोक थांबून वाचायला लागले, प्रश्न विचारायला लागले. पुढे क्लिनिकल रिसर्चमध्ये जाणार असाल तर हे काम रोजचंच आहे, आताच शिकून घ्या.

पुढे काम कुठे मिळतं

शिकवण्यापासून सुरू करते कारण बहुतेक जण त्याच आशेने येतात. नियम वर-खाली होत आलेत हे माहीत असू द्या. पूर्वी ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, फार्माकॉलॉजी, मायक्रोमध्ये ३० टक्क्यांपर्यंत आणि बायोकेमिस्ट्रीत ५० टक्क्यांपर्यंत शिक्षक नॉन-मेडिकल, म्हणजे एमबीबीएस नसलेले, असू शकत होते. २०२० ला नॅशनल मेडिकल कमिशन आलं आणि त्यांनी ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्रीत हे १५ टक्क्यांवर आणलं, मायक्रो आणि फार्माकॉलॉजीत तर दारच बंद केलं. तेव्हा आमच्यातल्या कित्येकांची झोप उडाली, माझं स्वतःचं एका कॉलेजातलं कॉन्ट्रॅक्ट तेव्हा पुढे वाढवलं नाही आणि कारण सुद्धा कुणी समोर बसून सांगितलं नाही, ते अजून लागतं मनाला. मग जुलै २०२५ मध्ये नवीन नियम आले आणि मायक्रो, फार्माकॉलॉजीला एमएस्सी-पीएचडी शिक्षक परत चालू झाले. कॉलेजं वाढतायत हेही खरं आहे, २०१४ ला देशात ३८७ मेडिकल कॉलेजं होती ती २०२४-२५ ला ७८० झाली, एकट्या ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात जालना, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, गडचिरोली धरून दहा सरकारी कॉलेजांचं उद्घाटन झालं. शिक्षक लागणार आहेत. पण नियम एकदा बदलला तो परत बदलू शकतो, त्यामुळे सगळा भार या एकाच फांदीवर टाकू नका. आणि असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर पीएचडी हवीच, नुसत्या एमएस्सीवर थांबून वाट बघण्यात वर्षं घालवू नका.

हॉस्पिटल लॅब. बायोकेमिस्ट, मायक्रोबायॉलॉजिस्ट, क्वालिटी मॅनेजर अशी पदं असतात. एनएबीएल, म्हणजे लॅबच्या दर्जाची मान्यता, घेतलेल्या लॅबला आयएसओ १५१८९ हे मेडिकल लॅबचं स्टँडर्ड समजणारा माणूस लागतोच, म्हणून इंटर्नल ऑडिटरचं ट्रेनिंग एमएस्सी संपताच करून घ्या, याने मला पहिली नोकरी मिळाली. पण स्वतःची लॅब टाकून स्वतःच्या सहीने रिपोर्ट द्यायचे असं स्वप्न असेल तर थांबा. डिसेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाने पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही लागते असं सांगितलंय. नंतर केंद्राच्या नियमांत थोडे बदल झाले, पण ते ज्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखाली आहेत तो महाराष्ट्राने घेतलेला नाही. तेव्हा पॅथॉलॉजिस्टसोबत काम करायचं, हेच सरळ. सहीसाठी नुसतं नाव भाड्याने घेऊन लॅब चालवणारे आहेत, त्यांच्याकडे नोकरी सुद्धा करू नका, पेशंटच्या जिवाशी खेळ आहे तो.

रिसर्चची आवड असेल तर आपण नशीबवान आहोत, एवढ्या संस्था हाताच्या अंतरावर आहेत. पुण्यात व्हायरसवर काम करणारी एनआयव्ही, जी १९५२ पासून आहे आणि २०२० च्या जानेवारीत देशातला पहिला कोविडचा सॅम्पल जिथे पॉझिटिव्ह निघाला, पुण्यातच एड्सवर काम करणारी, आधी जिला नारी म्हणायचे ती संस्था आणि पेशींवर काम करणारी एनसीसीएस, परळला हाफकिन, खारघरला टाटाचं कॅन्सरवरचं ॲक्ट्रेक. मेडिकल कॉलेजांतल्या व्हायरसच्या लॅब, ज्यांना व्हीआरडीएल म्हणतात, तिथे रिसर्च असिस्टंट आणि सायंटिस्टच्या जागा निघतात, कॉन्ट्रॅक्टच्या असतात पण आरटीपीसीआरवर हात बसतो.

पीएचडी फेलोशिपशिवाय करू नका असं मी स्पष्ट सांगते, घरची परिस्थिती फार चांगली असेल तर गोष्ट वेगळी. सीएसआयआर-यूजीसी नेटची लाइफ सायन्सची जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, काढली की दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे सिनिअर म्हणजे एसआरएफ झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. पेपर तीन तासांचा, २०० मार्कांचा, त्यात पार्ट सी मध्ये ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे, एकेकाला ४ मार्क, सगळी बाजी तिथेच असते, आणि निगेटिव्ह मार्किंग आहे. आपली अडचण अशी की सिलॅबसमध्ये वनस्पती, इकॉलॉजी, इव्होल्यूशन सगळं आहे आणि तीन वर्षं मेडिकल कॉलेजात राहून ते आपण विसरलेलो असतो. तेव्हा सगळे १३ युनिट धरत बसू नका, इम्युनॉलॉजी, मॉलिक्युलर बायॉलॉजी, सेल बायॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, प्राण्यांची फिजिओलॉजी आणि शेवटचं मेथड्सचं युनिट एवढे पक्के करा, बरेच प्रश्न सोडून द्यायची मुभा आहेच. तयारी दुसऱ्या वर्षापासून, एमएस्सी झाल्यावर नाही. नेट निघाली नाही तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बघा, जाहिरात आली की लगेच भरा, तारीख निघून गेल्यावर कुणी ऐकत नाही.

औषध कंपन्यांकडे जायचं तर दोन मोठी दारं. एक क्लिनिकल रिसर्च, सुरुवात हॉस्पिटलमध्ये कोऑर्डिनेटर म्हणून होते, पेशंटची फाइल, संमतीपत्र, व्हिजिटच्या तारखा, आणि पेशंटला गंभीर काही झालं तर २०१९ च्या नियमांप्रमाणे इन्व्हेस्टिगेटरने २४ तासांत कळवायचं असतं, तेव्हा रात्री अकराला सुद्धा तुमचा फोन वाजतो. पगार सुरुवातीला बेताचा, पण दोन वर्षांनी कंपनीत मॉनिटर, म्हणजे ट्रायल नीट चाललीय का ते तपासणारा, म्हणून जाता येतं, प्रवास खूप. दुसरं फार्माकोव्हिजिलन्स, औषधाने कुणाला काय त्रास झाला त्याच्या केसेस नोंदवणं, तपासणं. सरकारचा याचा कार्यक्रम २०१० पासून आहे, गाझियाबादहून चालतो, आणि मेडिकल कॉलेजांतल्या फार्माकॉलॉजी विभागात त्याची सेंटर असतात. तुमच्या कॉलेजात असेल तर शिकत असतानाच तिथे जाऊन बसा आणि वॉर्डमधल्या चार-पाच खऱ्या केसेसचे फॉर्म भरा. पंचवीस-तीस हजारांचा ऑनलाइन डिप्लोमा करण्याआधी हे फुकटचं करा, इंटरव्ह्यूला याचं वजन जास्त पडतं. हे काम बसून, कॉम्प्युटरवर, टार्गेट धरून असतं, सगळ्यांना मानवत नाही, माझी एक मैत्रीण सहा महिन्यांत कंटाळली आणि दुसरी आठ वर्षं आनंदाने करतेय.

बाहेर जायचं असेल तर आखातात लॅबसाठी एएससीपी या अमेरिकन संस्थेची आंतरराष्ट्रीय परीक्षा उपयोगी पडते आणि तिथे तुमचा प्रत्येक कागद तुमच्या विद्यापीठाला, जुन्या ऑफिसला विचारून तपासला जातो. म्हणून पहिल्या नोकरीपासून अनुभवाचं पत्र तारखेसह, शिक्क्यासह घेत जा, सोडतानाच घ्या. माझ्या एका ज्युनिअरची जुनी लॅब बंद पडली आणि तिथल्या दोन वर्षांचा कागदच मिळाला नाही, ती दोन वर्षं मोजली गेली नाहीत. एक जाड फाइल करा, त्यात मार्कशीट, पासिंग सर्टिफिकेट, मायग्रेशन, थिसिसचं मंजुरीपत्र, पोस्टिंगची पत्रं सगळं ठेवा, स्कॅन करून मेलवर पण ठेवा, आणि विद्यापीठाकडून मूळ डिग्री निघाली की लगेच अर्ज करून हातात घ्या, प्रोव्हिजनलवर वर्षानुवर्षं राहू नका.